देवाजी आबदाराचं मानपत्र

मानपत्रात थोडं खोटं असायचंच, अशी माझी समजूत होती. जन्मभर पोरांना बडवणारा हेडमास्तर निवृत्त झाला की मानपत्रात तो वात्सल्याचा सागर होतो. लाच खाऊन गब्बर झालेला अधिकारी बदलून जाताना प्रजाहितदक्ष होतो. घोटीव अक्षरात लिहिलेला, काचेच्या चौकटीत बसवलेला तो मजकूर पुढे कोणी वाचत नाही. भिंतीवरचा एक खिळा तेवढा तो अडवून बसतो. अशी पन्नाससाठ मानपत्रं मी लिहिली असतील. माझं अक्षर चांगलं, भाषा फुलोऱ्याची, म्हणून नागपुरातल्या अर्ध्या महाल भागाची मानपत्रं माझ्याकडे यायची, आणि मलाही त्याची घमेंड होती. त्यांपैकी एकातल्या एका वाक्यानं एका सरळ माणसाचं म्हातारपण नासलं. तो माणूस म्हणजे देवाजी.

मी कृष्णकांत, सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या क्लबात कारकून होतो. साहेब लोकांनी बांधलेला क्लब. साहेब गेले, पण बिलियर्डचं टेबल, शिकारीत मारलेल्या सांबरांची शिंगं आणि नोकरांच्या कमरेचे हिरवे पट्टे मागे राहिले. मी बासष्ट साली तिथे लागलो तेव्हा देवाजीला चोवीस वर्षं झाली होती. भांडी घासण्यापासून सुरुवात करून तो आबदार झाला होता. आबदार म्हणजे पेयांचा माणूस. पाणी, बर्फ, सोडा, दारू, सगळं त्याच्या ताब्यात. तळघराची किल्ली त्याच्या करगोट्याला असायची. उंच, काटकुळा, बंद गळ्याचा पांढरा कोट आणि चेहऱ्याच्या मानानं जरा लांबच नाक. बोलणं इतकं कमी की नवे मेंबर त्याला मुका समजायचे.

हा आबदार दारूच्या थेंबाला शिवत नव्हता.

पूर्वी शिवत होता. ते त्यानं मला स्वतःच सांगितलं होतं. साहेबांच्या पेल्यांत उरलेली तो आणि खानसामा मिळून संपवायचे. वरून मूठभर बडीशेप चावून देवाजी इंदोरा वस्तीतल्या घरी जायचा. दारात त्याची बायको भीमाबाई उभी असायची. ती काही विचारायची नाही. नुसती जवळ यायची आणि त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास आला की त्या घरात चूल पेटायची नाही. भीमाबाईचा बाप आणि देवाजीचा बाप, दोघेही मोहाच्या दारूनं गेले होते. छप्पन साली दसऱ्याला दोघा नवराबायकोंनी दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांत एक दारू न पिण्याची होती. मैदानावरून परतताना देवाजी तिला म्हणाला, "नोकरी सोडून देऊ काय?" ती म्हणाली, "पोटाले काय खाऊ मंग? दुसऱ्याइले वाढा. तुमी नोका घेऊ." त्या दिवसापासून भीमाबाईनं त्याच्या तोंडाचा वास घेणं बंद केलं. "बाबू, तिनं दारात उभं राहणं सोडलं," देवाजी मला सांगायचा, "हे मले साऱ्यात मोठं बक्षीस भेटलं."

आता पंचाईत अशी की आबदाराला दारूतलं कळावं लागतं. व्हिस्की-रमचं काही नाही, बाटलीवर लिहिलेलं वाचलं की झालं. खरी परीक्षा वाइनची, आणि त्यातही पांढऱ्या वाइनची. एक आंबट, एक गोड, एक नुसतीच पाणचट, आणि दिसायला सगळ्या सारख्या, कालच्या चहाच्या फिक्या पाण्यासारख्या. कोणती कशाबरोबर द्यायची हे चुकलं तर उंची बाटलीही चिंचेच्या पाण्याच्या मोलाची होते. देवाजीनं त्यावर आपली पद्धत काढली होती. तो बावर्चीखान्यात जाऊन ताटातल्या पदार्थाचा एक घास तोंडात घ्यायचा आणि चावता चावता वाइनचा पेला नाकाखाली धरायचा. डोळे मिटलेले. घास तोंडात, पेला नाकाखाली. घास गिळला की पेला बाजूला ठेवायचा आणि सांगायचा, "जमते," नाहीतर, "भांडण होते दोघाइचं." इतक्या वर्षांत चूक नाही, असं खानसामा सांगायचा. तो खानसामा दुसऱ्या कोणाचं कधी चांगलं बोलत नसे.

एकोणसत्तरच्या जानेवारीत नागपूरजवळ एका कारखान्याच्या उभारणीला आलेल्या जर्मन इंजिनिअरांना क्लबानं जेवण द्यायचं ठरवलं. त्या इंजिनिअरांनीच आदल्या दिवशी तीन तऱ्हेच्या पांढऱ्या वाइनच्या बाटल्यांचं एक खोकं पाठवून दिलं आणि वर कुबट वासाच्या चीजचा एक डबा. आमचे सेक्रेटरीसाहेब गडबडले. देवाजीला म्हणाले, "कशाबरोबर काय, ते तू ठरव. नाक कापू नकोस आमचं."

दुपारी देवाजीनं मला तळघरात बोलावलं. तिन्ही बाटल्यांची बुचं काढून ठेवलेली, पुढे बशांत मासा, मटण, पुडिंग. तिन्ही बाटल्यांवरची नावं मी इंग्रजी रीतीनं वाचून पाहिली आणि सोडून दिली. देवाजी म्हणाला, "नाकानं मले अर्धं समजते बाबू. पण आंबट किती अन् गोड किती, हे नाकाले नाई समजत. जुन्या बाटल्याइची मले छप्पनच्या पयलेची याद हाये. ह्या नव्या हायेत. एक जीभ पायजे."

माझे वडील मधुकरराव म्हणजे मधुकर मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर दारूबंदीच्या सभांतून भाषणं करत वाड्यावस्त्या हिंडणारे. इंदोऱ्यातही त्यांची दोन भाषणं झाली होती. आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन आणायचे. पण मी चौतीस वर्षांचा होतो, आणि समोर तीन पेले होते.

"कोणाला सांगाल?" मी विचारलं.

"कोणालेच नाई."

"घरीसुद्धा नाही. भीमाबाईलासुद्धा नाही."

भीमाबाईपासून काही लपवायचं नाही असा त्याचा नेम होता, हे मला माहीत होतं. तरी मी हटून बसलो. वस्तीत एकदा बोललं गेलं की वडिलांच्या कानावर जायला दोन दिवस लागले नसते. शेवटी तो म्हणाला, "बरं बाबू. तिले बी नाई. जबान देल्ली." आणि मी पहिला घोट घेतला.

त्या दुपारी मी जे शिकलो ते कुठल्या शाळेत शिकलो नाही. मी घोट घ्यायचो, तो प्रश्न विचारायचा. जिभेच्या काठाला लागते का मध्ये? गिळल्यावर तोंड कोरडं पडते का पाणी सुटते? हिरव्या, उंच बाटलीतली पहिली आंबट होती. देवाजी हुंगून म्हणाला, "चुन्याच्या डबीचा वास येते. अन् मागून थोडा घासलेटचा. पण चांगला घासलेट." मी हसलो. पुन्हा हुंगलं तर खरंच तसाच वास. आम्ही तिचं नाव चुनावाली ठेवलं. दुसरीला गुलकंदाचा वास, जराशी गोडसर, जाडसर, ती गुलकंदवाली. तिसरी पिवळीधमक. ती त्यानं नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला. "मोह," एवढंच म्हणाला. वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास त्याच्या लहानपणच्या अंगणात असायचा, आणि त्याच अंगणातून त्यानं बापाला उचलून नेलं होतं. तिसरी मोहवाली.

मग जुळवाजुळव. तळलेल्या मरळ माशाबरोबर चुनावाली, यात दोघांनाही शंका नव्हती. मासा लोण्यात तळलेला, त्याचा तुपकटपणा ती धुऊन काढत होती. अडलं ते मटणापाशी. पाहुण्यांना नागपूरचं तिखट पाहिजे होतं, म्हणून खानसाम्यानं सावजी पद्धतीचं काळ्या मसाल्याचं केलं होतं. त्याच्यावर चुनावालीचा घोट घेतला तर माझ्या तोंडात नुसता कडू जाळ झाला. देवाजीनं रश्शात बुडवलेला घास चावत गुलकंदवालीचा पेला नाकाशी धरला, बराच वेळ धरला. "हिले बर्फात अजून अर्धा तास ठेवतो," तो म्हणाला. "तिखटाले आंबटानं मारता येत नाई बाबू, त्याच्याशी गोडीनं बोला लागते." अर्ध्या तासानं मी पुन्हा घोट घेतला. तिखट निवलं आणि मसाल्यातली दगडफूल-वेलची वेगवेगळी कळायला लागली. आणि मोहवाली? मी म्हटलं, संत्र्याच्या पुडिंगबरोबर द्या, गोडाला गोड. त्यानं मान हलवली. "पुडिंग तिच्यापेक्षा गोड हाये. तिची इज्जत जाईन." त्यानं त्या कुबट चीजचा तुकडा जिभेवर ठेवला, नाक वाकडं केलं, पेला हुंगला आणि डोळे उघडले. "ह्या खाऱ्या घाणीसंगं द्या," तो म्हणाला. मी चाखून पाहिलं. मला शब्द सुचला नाही, आणि शब्द न सुचणं माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं.

जेवणात जर्मनांचा म्होरक्या मोहवालीचा घोट घेऊन उठून उभा राहिला आणि हे कोणी ठरवलं, असं त्यानं विचारलं. सेक्रेटरीसाहेब छाती फुगवून म्हणाले, "आमच्या आबदारानं." देवाजीनं दारात उभ्या उभ्या मान लववली. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतो. माझी जीभ तेव्हा अजून गोड होती.

पुढची नऊ वर्षं हेच चाललं. कधी मुंबईहून कोणी बाटली आणायचा, कधी गोव्याहून. देवाजीचं नाक आणि माझी जीभ. फरक एवढाच, की त्याचं नाक काम संपलं की थांबायचं आणि माझी जीभ थांबेनाशी झाली. उरलेल्या बाटल्या मी संपवू लागलो. मग बाटल्या उरण्याची वाट पाहू लागलो. घरी जाताना मूठभर बडीशेप. एकदा देवाजी माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "बाबू, हे मी लावलं काय तुमाले?" मी त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तो गेला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही, पण नवी बाटली आली की मला बोलावताना त्याची नजर खाली असायची.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चअखेर देवाजी निवृत्त झाला. क्लबानं त्याला मानपत्र द्यायचं ठरवलं. नोकराला मानपत्र, ही त्या क्लबातली पहिलीच गोष्ट. लिहायचं काम अर्थात माझं. मी रंगात आलो. त्याची सचोटी, त्याची स्वच्छता, हे लिहून झालं. मग वाइनचा परिच्छेद आला आणि माझी लेखणी उधळली. मी लिहिलं: 'पांढऱ्या वाइनचे नाना प्रकार त्यांनी आपल्या जिभेवर पारखले. त्यांच्या जिभेला या शहरात तोड नाही.'

ती जीभ माझी होती. लिहिताना हे मला कळत नव्हतं असं नाही. नाक लिहिलं तर वाक्य हास्यास्पद होतं, नाकाचं कौतुक मानपत्रात शोभत नाही, असं मी मनाशी म्हटलं. आणि खरं सांगतो, स्वतःच्या जिभेची तारीफ दुसऱ्याच्या नावावर का होईना अध्यक्षांच्या तोंडून ऐकायची मला हौस होती. देवाजीची दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्या वेळी माझ्या डोक्यात आलीच नाही. हे लिहायला आज जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नाही.

समारंभाला भीमाबाई आली होती. पांढरी शुभ्र साडी, पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसलेली. तिला वाचता येत नव्हतं. पण लिहिलेल्यावर आणि छापलेल्यावर तिचा फार विश्वास होता. शिका, म्हणून ज्या वस्तीला सांगितलं गेलं आणि जी वस्ती खरोखर शिकायला लागली, त्या वस्तीतली ती बाई. तिच्या लेखी कागदावर जे आलं ते खरं. अध्यक्षांनी माइकवरून मानपत्र वाचलं. ते वाक्य आलं. टाळ्या पडल्या. देवाजी हात जोडून उभा होता, ते हात तसेच राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हारांच्या परातीशी उगाच खुडबूड करत होतो. भीमाबाईनं मान वर करून नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मग समारंभ संपेपर्यंत आपल्या पायांकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजी माझ्या टेबलाशी आला. कोट नसलेला देवाजी मी पहिल्यांदाच पाहिला. "बाबू, ते एक वाक्य," तो म्हणाला. "माह्या जिभेवर काही गेलं नाई. तुमाले तर मालूम हाये."

"अहो, ते अलंकारिक आहे," मी म्हटलं. "मानपत्रात असं लिहितातच."

"आमच्या इकडं लिहिलेलं खरं धरतात. रविवारी विहारात पंचशील मी म्हणून घेतो, पोरं माह्या मागून म्हणतात. पेपरात आलं तर मी कोण्या तोंडानं म्हणू?"

पेपरात आलंच. मीच पाठवलं होतं, फोटोसकट. मी त्याला म्हटलं, नवीन मानपत्र लिहून देतो, दुरुस्त करून. आणि रविवारी विहारात येऊन सांगतो की लिहिण्यात चूक झाली. त्याचा चेहरा उजळला. "कोणी चाखली ते नोका सांगू," तोच म्हणाला. "नुसतं, देवाजीनं नाई, एवढं सांगा."

मी त्या रविवारी गेलो नाही. पुढच्याही नाही. कारण साधं होतं. देवाजीनं नाही, असं सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच होता: मग कोणी? नऊ वर्षं आबदाराबरोबर तळघरात कोण जात होतं, हे अख्ख्या क्लबाला माहीत होतं. इंदोऱ्यात माझ्या वडिलांना ओळखणारी माणसं होती. त्यांची भाषणं, त्यांचं नाव, घरातली त्यांची करडी नजर, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहायचं. मी कागद आणला नाही, मग चांगली शाई मिळाली नाही, मग चौकटवाला गावाला गेला. सबबी सांगण्यात माझा हातखंडा होता.

तीन आठवड्यांनी देवाजी पुन्हा आला. या वेळी मागच्या दारानं. टेबलाशी उभा राहून म्हणाला, "काल बाजारातून घरी गेलो. भीमा दारात उभी होती."

मी हातातली लेखणी खाली ठेवली.

"जवळ आली. माह्या तोंडाचा वास घेतला. बावीस वर्षांनं." त्याचा आवाज फाटला. "मी तिले म्हणलं, काहून वं, इश्वास नाई काय? तर म्हणते, कागदावर लिवून हाये. मी म्हणलं, खोटं हाये ते. तर म्हणते, मंग कोणाची जीभ होती ते सांगा. आता सांगा बाबू, मी काय सांगू तिले? तुमाले जबान देल्ली हाये."

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं: सांगा, माझं नाव सांगा. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात नक्की करतो देवाजी." त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. मला वाटतं त्याला सगळं कळलं. "बरं बाबू," म्हणून तो निघून गेला. माझं नाव त्यानं तरीही सांगितलं नाही.

विहारात कोणी त्याला वाकडं बोललं नाही. तोच मागे बसायला लागला, मग जाईनासा झाला. वर्षाच्या आत त्यानं इंदोऱ्यातली खोली सोडली आणि अमरावती रोडवर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर चौकीदार म्हणून लागला. ऐंशीच्या जानेवारीत क्लबाचं एक पार्सल सोडवायला मी त्या गोदामात गेलो तेव्हा फाटकाशी स्टुलावर तो बसलेला दिसला. मी ओळख देऊ की नको अशा विचारात असताना तोच उठला आणि मला गोदामाच्या माणसाकडे घेऊन गेला. सिमेंटच्या पोत्यांची धूळ सगळीकडे, त्याच्या भुवयांवरसुद्धा.

"तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"नाक गेलं बाबू. सिमेंटानं. भाजी करपली तरी समजत नाई." तो हसला. "बरंच झालं. आता कामाचं काय होतं ते?"

मानपत्राचा शब्द त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. भीमाबाई अजून दारात उभी राहते का, हे मला विचारायचं होतं. मी पार्सल घेतलं आणि निघालो. त्याच उन्हाळ्यात तो गेला, हे मला दोन महिन्यांनी खानसाम्याकडून कळलं.

एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर माझे वडील वारले. दारूबंदीवाल्यांनी शोकसभा घेतली, त्यांच्यावर मानपत्रासारखीच भाषणं झाली. तेराव्यानंतर मी कागद काढला. वडील जिवंत असेपर्यंत धीर झाला नाही आणि ते गेल्यावर लगेच झाला, यात धीर कसला म्हणायचा? पण लिहिलं. अलंकार एकही नाही. 'देवाजी यांनी सन १९५६ नंतर मद्याचा थेंब चाखला नाही. ते वास घेऊन वाइन पारखत. चव मी, कृष्णकांत मधुकर, घेत होतो. त्यांनी माझे नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिले होते, ते त्यांनी शेवटपर्यंत पाळले. पहिल्या मानपत्रातील मजकूर खोटा होता व तो मी लिहिला.' चौकट करून घेतली आणि वाडीला गेलो. त्या दिवशी मुद्दाम दारू घेतली नव्हती. तिच्यासमोर तरी कोऱ्या तोंडानं जावं, असं वाटलं.

गोदामाच्या मागे एक खोली. भीमाबाई गहू निवडत बसली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि दोन हात अंतर सोडून ते पहिलं मानपत्र. मला तिथे ते अपेक्षित नव्हतं. तिला माझी नजर दिसली. "त्यायनं टिनाच्या पेटीत ठेवलं होतं," ती म्हणाली. "त्यायच्या मागं मी लावलं. नाव हाये न त्यायचं."

मी बसलो. नवा कागद वाचून दाखवला. एक एक वाक्य, हळू. तिनं गहू निवडणं थांबवलं होतं. वाचून झालं तशी तिनं सूप बाजूला ठेवलं.

"हे खरं आहे, भीमाबाई," मी म्हटलं. "चव मी घेत होतो. देवाजींनी कधीच नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. वडिलांच्या सुतकात मुंडण केलेलं माझं डोकं तिनं पाहिलं. "तुमी मधुकर मास्तरचे पोरगे न?" ती म्हणाली. "मास्तर आमच्या वस्तीत येत होते. लय चांगलं सांगत. गेले म्हणे. त्यायच्या घरातला माणूस घेईन काय कधी?"

"मी घेतो. आजही घेतो." माझा आवाज चढला. "क्लबात कोणालाही विचारा."

"असं असतं तर त्यायनं मले सांगतलं असतं," ती शांतपणे म्हणाली. "दीक्षा घेतल्यावर एक गोष्ट लपवली नाई त्यायनं माह्यापासून. पगार किती कटला ते सांगे, साहेबानं शिवी देल्ली ते सांगे. मी साफ इचारलं, कोणाची जीभ होती? तर खाली मान घालून बसले. नाव असतं तर सांगतलं नसतं काय?"

"मी त्यांना शपथ घातली होती!"

तिनं मान हलवली, हट्टी लेकराला समजवावं तशी. "तुमी भले मानूस हा, बाबू. मेलेल्या मानसाचा बट्टा आपल्या अंगावर घेऊन राहिले. कोण करते एवढं? पण आता काही गरज नाई." तिनं चौकट माझ्या हातातून घेतली, पदरानं काच पुसली. "याच्यावर बी नाव हाये न त्यायचं? लावतो मी हे बी."

मी आणखी काही बोलायला तोंड उघडलं. तिनं हातानंच थांबवलं आणि गव्हाचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"घेतली असंन त्यायनं कधी नोकरीपायी," ती म्हणाली. "मी माफ केलं त्यायले."